नकली दात, लाल सिरप आणि रात्रीचे साडेबारा : कमी बजेटचे व्हॅम्पायर सिनेमे आपण चोरून का बघतो?

रात्रीचे साडेबारा वाजलेत. घरातले सगळे झोपलेत. तुम्ही कानात हेडफोन घालून, मोबाईलचा ब्राइटनेस कमी करून एक सिनेमा बघताय. पडद्यावर काळा कोट घातलेला एक माणूस तलवारीने व्हॅम्पायरची मुंडकी उडवतोय. मुंडकं रबराचं आहे हे कळतंय. रक्त जरा जास्तच लाल आहे हेही कळतंय. व्हॅम्पायरचे दात इतके नकली आहेत की बिचाऱ्याला डायलॉग नीट बोलता येत नाहीये.

तरी तुम्ही बंद करत नाही.

सकाळी ऑफिसात कुणी विचारलं, "काय रे, डोळे का सुजलेत?" तर उत्तर ठरलेलं, "काही नाही, एक इराणी सिनेमा बघत होतो."

यालाच इंग्रजीत गिल्टी प्लेझर म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मजा पण येते आणि सांगायला लाज पण वाटते अशी गोष्ट. पाहुण्यांसमोर आपण पुरणपोळीचं कौतुक करतो आणि रात्री गुपचूप गाडीवरची शेजवान भेळ खातो, तसंच हे.

पण प्रश्न असा आहे की ही लाज नेमकी कशाची? आणि भुतांच्या एवढ्या जाती असताना स्वस्तातल्या सिनेमावाल्यांचा सगळ्यात लाडका प्राणी व्हॅम्पायरच का? विषय वाटतो तेवढा फालतू नाही. नीट सांगतो.

सगळ्यात स्वस्त भूत

तुम्ही निर्माता आहात असं समजा. खिशात पैसे कमी आहेत आणि हॉरर सिनेमा काढायचाय.

डायनासोर घेतला तर कॉम्प्युटर ग्राफिक्सचा खर्च आला. एलियन घेतला तर स्पेसशिप उभारावं लागणार. झोंबी घेतले तर शेकडो ज्युनिअर आर्टिस्ट आणि प्रत्येकाचा मेकअप.

व्हॅम्पायरला काय लागतं? एक उंच माणूस, एक काळा झगा, दोन सुळे. तो रात्रीच बाहेर पडतो, त्यामुळे अंधारात सेटची निम्मी गरिबी लपून जाते. तो राहतो पडक्या वाड्यात, म्हणजे सेट रंगवायचाही प्रश्न नाही. रक्त म्हणाल तर गोड सिरपमध्ये खायचा लाल रंग. शिवाय तो माणसासारखाच दिसतो, बोलतो, त्यामुळे त्याच्याकडून मारामारीही करून घेता येते.

हे गणित सिनेमावाल्यांना शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं.

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' कादंबरी आली १८९७ मध्ये. तिच्यावर १९२२ मध्ये जर्मनीत 'नोस्फेराटू' नावाचा मूकपट निघाला. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ. कंपनी नवी, पैसे कमी, हाताशी एकच कॅमेरा. रात्रीचे सीन दिवसाढवळ्या शूट करून फिल्मला निळा रंग दिला होता. कादंबरीचे हक्क घेतलेच नव्हते. पात्रांची नावं बदलली आणि काम चालू.

पण ते पकडले गेले. स्टोकर तोवर वारले होते, पण त्यांच्या पत्नी फ्लोरेन्स स्टोकर कोर्टात गेल्या. निर्मिती करणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली. या सिनेमाच्या सगळ्या प्रिंट्स नष्ट करा असा आदेश निघाला. काही प्रिंट्स तोवर दुसऱ्या देशांत पोचल्या होत्या, म्हणून सिनेमा वाचला. आज जगभर फिल्म शिकवताना हा सिनेमा दाखवतात.

आता यातली खरी गंमत बघा. व्हॅम्पायर उन्हात मरतो हे आज शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाही फिरतो. दिवसा त्याची ताकद कमी होते इतकंच. सूर्यप्रकाश पडला आणि व्हॅम्पायर संपला, हा शेवट पडद्यावर आणला तो 'नोस्फेराटू'ने. म्हणजे ज्या नियमावर आज अब्जावधींचे सिनेमे चालतात, तो नियम एका कफल्लक, हक्क न घेतलेल्या सिनेमाने दिलाय.

मेणबत्तीच्या स्टँडचा क्रॉस

पुढचा टप्पा इंग्लंडमधला. हॅमर नावाची एक छोटी फिल्म कंपनी होती. तिने १९५८ मध्ये 'ड्रॅक्युला' काढला. ख्रिस्तोफर ली ड्रॅक्युला आणि पीटर कुशिंग त्याचा पाठलाग करणारा व्हॅन हेल्सिंग. खर्च ८० हजार पौंडांच्या आसपास. त्या काळातही ही रक्कम मोठी नव्हती.

बर्नार्ड रॉबिन्सन नावाचे सेट डिझायनर होते. तेच खांब, तेच जिने, तेच दरवाजे फिरवून फिरवून लावायचे आणि प्रत्येक वेळी नवा वाडा वाटायचा. ख्रिस्तोफर ली अख्ख्या सिनेमात दहा मिनिटंही दिसत नाही. तरी लोकांच्या लक्षात तोच राहिला.

पण या सिनेमातला क्लायमॅक्स आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. व्हॅन हेल्सिंग लांबलचक टेबलावरून धावत जातो, खिडकीच्या पडद्यावर झेप घेतो आणि पडदा खाली ओढतो. ऊन आत येतं. मग दोन मेणबत्ती स्टँड एकमेकांवर आडवे धरून त्यांचाच क्रॉस करतो आणि ड्रॅक्युलाला उन्हात ढकलत नेतो. ही धाव आणि तो क्रॉस कुशिंग यांनी स्वतः सुचवला होता.

एक टेबल, एक पडदा, दोन स्टँड. एवढ्या सामानात हॉररचा ॲक्शन सिनेमा झाला.

हॅमरने मग ड्रॅक्युलाला दर वेळी मारलं आणि पुढच्या भागात पुन्हा उठवलं. १९६६ च्या 'ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये तर लीला एकही डायलॉग नाही, नुसता फुत्कारतो. त्याच सिनेमाच्या सेटवर कंपनीने लगेच रास्पुटीनवरचा दुसरा सिनेमा उरकून घेतला. १९७४ मध्ये हॅमरने हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सशी हातमिळवणी करून 'द लेजेंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हॅम्पायर्स' काढला. त्यात कुशिंगचा म्हातारा प्रोफेसर आणि कुंगफू करणारी चिनी भावंडं मिळून व्हॅम्पायरना बडवतात. कागदावर वाचलं तर हसू येतं. बघायला बसलात तर उठवत नाही.

मजा नियमांची आहे

या सिनेमांची चटक का लागते, याचं एक साधं कारण आहे. व्हॅम्पायर हा नियमांनी बांधलेला व्हिलन आहे.

ऊन चालत नाही. लसूण चालत नाही. आरशात दिसत नाही. कुणी आत बोलावल्याशिवाय घरात येता येत नाही. छातीत लाकडी खुंटी ठोकली की संपला. हे नियम प्रेक्षकाला आधीच माहीत असतात. त्यामुळे सिनेमा सुरू झाला की आपण कबड्डीची मॅच बघावी तसे बसतो. कोण कुठली चाल करणार, कुठला नियम कसा वापरणार, याकडे डोळे.

आणि जिथे पैसे कमी, तिथे नियम वापरण्यात डोकं जास्त चालवावं लागतं.

१९८७ चा 'निअर डार्क' घ्या. बजेट साधारण ५० लाख डॉलर. कॅथरीन बिगेलो यांना खरं तर वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदुकांचा सिनेमा करायचा होता. त्याला पैसे लावायला कुणी तयार नव्हतं. म्हणून त्यात व्हॅम्पायर घातले. अख्ख्या सिनेमात व्हॅम्पायर हा शब्द एकदाही येत नाही, आणि सुळेही दाखवलेले नाहीत.

त्यात एक सीन आहे. व्हॅम्पायरची टोळी दिवसाढवळ्या मोटेलच्या खोलीत अडकली आहे. बाहेर पोलीस. गोळीबार सुरू होतो. गोळ्यांनी व्हॅम्पायरला काही होत नाही. पण प्रत्येक गोळी भिंतीला भोक पाडते आणि त्या भोकातून उन्हाची तिरीप आत येते. आत बसलेल्यांना गोळीपेक्षा ती तिरीप जास्त जाळते. कुठलंही महागडं ग्राफिक्स नाही. भोकं आणि उजेड, बस.

सिनेमा तेव्हा तिकीटबारीवर पडला. याच बिगेलो यांना पुढे २०१० मध्ये 'द हर्ट लॉकर'साठी सर्वोत्तम दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. तो पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

हाँगकाँगच्या १९८५ च्या 'मिस्टर व्हॅम्पायर'मध्ये तर नियमच वेगळे. तिथला व्हॅम्पायर म्हणजे आखडलेलं प्रेत. त्यामुळे तो चालत नाही, दोन्ही हात पुढे करून उड्या मारत येतो. त्याला माणसाचा पत्ता लागतो श्वासावरून. म्हणून श्वास रोखून धरला की तो शेजारून निघून जातो. कपाळावर मंत्र लिहिलेला पिवळा कागद चिकटवला की जागच्या जागी थांबतो. आता एका खोलीत तीन माणसं नाक दाबून उभी आहेत, समोर व्हॅम्पायर हुंगतोय, आणि एकाचा श्वास सुटायला आलाय. भीती, विनोद आणि मारामारी, तिन्ही एकाच सीनमध्ये. खर्च जवळजवळ शून्य.

आणि १९९६ चा 'फ्रॉम डस्क टिल डॉन'. त्याच्या जन्माची गोष्टच भारी आहे. रॉबर्ट कर्ट्झमन हे स्पेशल इफेक्ट्सवाले. आपल्या कंपनीची कारागिरी दाखवता यावी म्हणून त्यांना एक सिनेमा हवा होता. त्यांनी १,५०० डॉलर देऊन एका अनोळखी पोराकडून स्क्रिप्ट लिहून घेतलं. त्या पोराचं नाव क्वेंटिन टॅरँटिनो. अर्धा सिनेमा पळून जाणाऱ्या दोन गुन्हेगार भावांचा आहे आणि मग एका बारमध्ये शिरल्यावर अचानक व्हॅम्पायर सुटतात. काही व्हॅम्पायरचं रक्त तर चक्क हिरवं. लाल रक्त जास्त दाखवलं तर सेन्सॉरची भीती, म्हणून रंगच बदलून टाकला.

आणि आपलं महाबळेश्वर

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं बाहेरचं झालं. आपल्याकडे काय?

आपल्याकडे रामसे बंधू. सात भाऊ. एक लिहायचा, एक कॅमेरा बघायचा, एक साउंड, एक एडिटिंग, आणि तुलसी व श्याम दिग्दर्शन करायचे. घरातच अख्खं युनिट.

त्यांच्या वडिलांनी, म्हणजे एफ. यू. रामसे यांनी १९७० मध्ये 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' नावाचा सिनेमा काढला. तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतात असा एक सीन होता. पोरांनी थिएटरमध्ये बघितलं, की बाकी सिनेमाला कंटाळलेला प्रेक्षक या सीनला सावरून बसतो. त्यांनी वडिलांना सांगितलं, अख्खा सिनेमाच असा करू.

मग १९७२ मध्ये आला 'दो गज जमीन के नीचे'. त्यासाठी घरदार आणि मोजकी टीम बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेलं. तिथेच राहायचं, तिथेच शूटिंग. सेटचा खर्च वाचला, धुकं फुकट मिळालं. सगळा खर्च साडेतीन लाखांच्या आसपास झाल्याचं सांगतात. सिनेमा चालला आणि भुतांचा कारखाना सुरू झाला.

पुढे १९९० मध्ये त्यांनी 'बंद दरवाजा' काढला. यातला नेवला हा अस्सल व्हॅम्पायर. काळ्या पहाडीवर राहतो, शवपेटीत झोपतो, वटवाघूळ होतो. ती भूमिका केली अनिरुद्ध अग्रवाल यांनी. 'पुराना मंदिर'मधला सामरी तो हाच. रुरकीला इंजिनिअरिंग शिकलेला हा साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा माणूस. पुढे 'बँडिट क्वीन'मधला बाबू गुज्जरही यांनीच केला. पण लोकांनी ओळखलं ते भूत म्हणूनच.

रामसेंनी परदेशी व्हॅम्पायर जसाच्या तसा उचलला नाही. वाड्याच्या जागी ठाकूरची हवेली आली, क्रॉसच्या जागी त्रिशूळ आणि ओम आलं. मध्ये गाणी आली, कॉमेडी ट्रॅक आला. मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी नाकं मुरडली. पण तालुक्याच्या थिएटरात, टुरिंग टॉकीजमध्ये आणि नंतर व्हिडिओ पार्लरमध्ये हे सिनेमे भरभरून चालले.

लाजेचं मूळ इथे सापडतं. सिनेमा कसा आहे यापेक्षा तो कोण बघतं, यावरून त्याची लायकी ठरवली गेली. पुढच्या बाकड्यावर बसून शिट्ट्या मारणारा बघतो, म्हणजे सिनेमा टुकार. आणि मग तोच सिनेमा आवडणारा शिकलेला माणूस आपली आवड लपवायला लागला.

स्वस्त वेगळं, आळशी वेगळं

म्हणून प्रत्येक स्वस्त सिनेमा हिरा असतो असं नाही. खोटं कशाला बोला.

'ब्लडरेन' नावाचा एक सिनेमा आहे, व्हिडिओ गेमवर काढलेला. दिग्दर्शक उवे बोल. बजेट अडीच कोटी डॉलर, म्हणजे 'निअर डार्क'च्या पाचपट. व्हॅम्पायरांच्या राजाच्या भूमिकेत कोण, तर 'गांधी'साठी ऑस्कर मिळवलेले बेन किंग्जले. एवढं असून कमाई ४० लाख डॉलरच्या आतच. बघताना कळतं, की इथे सामान आहे पण कुणी जीव लावलेला नाही. तलवारी चालतात, रक्ताचे फवारे उडतात आणि आपण मोबाईलवर मेसेज बघायला लागतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. यातल्या बऱ्याच सिनेमांत बाई फक्त किंचाळण्यासाठी, आंघोळ करण्यासाठी आणि मरण्यासाठी आहे. हॅमरमध्येही हे होतं आणि रामसेंमध्येही होतं. तिकीट खपवण्याचा तो सोपा रस्ता होता. मजा घेताना याकडे डोळेझाक करायची गरज नाही. लाज वाटायचीच असेल तर इथे वाटावी. नकली दातांची लाज वाटून घेऊ नये.

मग हे बघणारे लोक असतात कोण?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न झालाय. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लँक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विषय होता टुकार सिनेमे आवडीने बघणारे लोक. लोकांना अशा सिनेमाचं वर्णन विचारलं तर सगळ्यात जास्त आलेला शब्द होता 'स्वस्त'. आणि डोळ्यांसमोर येणारे सिनेमे बहुतेक कमी बजेटचे हॉरर.

पण हे बघणारे कोण निघाले? शिक्षण सरासरीपेक्षा जास्त आणि सिनेमाची आवड दांडगी. हेच लोक आर्ट फिल्मही बघतात. त्यांना नेहमीच्या गुळगुळीत सिनेमापेक्षा काहीतरी वेगळं हवं असतं. ते सापडलं की मग ते महोत्सवात आहे की रद्दीत, याची त्यांना पर्वा नसते.

म्हणजे सकाळी सांगितलेला इराणी सिनेमा आणि रात्री बघितलेला व्हॅम्पायर सिनेमा, दोन्ही बघणारा माणूस एकच असू शकतो.

हसण्यावारी नेलं की काय होतं?

शेवटी एक गोष्ट सांगतो.

हॅमरच्या 'ड्रॅक्युला'मध्ये शेवटी ड्रॅक्युला उन्हात राख होतो. मूळ शूट झालेला सीन जास्त भयानक होता. त्यात तो स्वतःच्या हाताने चेहऱ्याची कातडी ओरबाडतो. ब्रिटिश सेन्सॉरने तो कापला. कंपनीनेही जपून ठेवला नाही. स्वस्तातला हॉरर, कोण जपणार? पुढची पन्नास वर्षं चाहते सांगत राहिले, की जपानमध्ये दाखवलेल्या प्रिंटमध्ये तो सीन होता. लोकांना ती अफवा वाटायची.

२०११ मध्ये टोकियोच्या फिल्म संग्रहालयात त्या जपानी प्रिंटची शेवटची काही रिळं सापडली. एका आगीत त्यांचं नुकसान झालं होतं, पण सीन शाबूत होता. तो दुरुस्त करून सिनेमात परत जोडला गेला. हे झालं कारण काही वेड्या चाहत्यांनी लाज न बाळगता त्याचा पिच्छा पुरवला.

ज्या गोष्टीची आपल्याला लाज वाटते, ती आपण जपत नाही. आपल्याकडच्या किती सिनेमांच्या प्रिंट्स अशाच गोदामात सडल्या असतील याचा विचार करा. मोठ्या बॅनरच्या सिनेमांना कुणीतरी वाली असतो. महाबळेश्वरच्या धुक्यात साडेतीन लाखांत काढलेल्या सिनेमाला वाली फक्त प्रेक्षक.

तेव्हा सुरुवात करायची असेल तर सोपा क्रम सांगतो. आधी 'मिस्टर व्हॅम्पायर', म्हणजे हसत हसत सवय होईल. मग 'निअर डार्क'. मग दिवे बंद करून 'बंद दरवाजा'. आणि उद्या ऑफिसात कुणी विचारलं डोळे का सुजलेत, तर इराणी सिनेमाचं नाव न घेता खरं काय ते सांगा. बहुतेक समोरचा हळूच जवळ येईल आणि म्हणेल, "कुठला रे? मला पण लिंक पाठव."

तुम्ही चोरून बघितलेला आणि मनापासून आवडलेला असा सिनेमा कोणता? कमेंटमध्ये बिनधास्त सांगा. इथे कुणी हसणार नाही.